कुणाच्या नजरचुकीनं

“आधी पानी आन, भाऊ.”

नमस्कार नाही, चौकशी नाही. माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहायची आणि एवढंच म्हणायची. मग मी टाइपरायटरवरचे हात काढायचे, उठायचं, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला माठ होता तिथवर जायचं आणि स्टीलचा गिलास भरून आणायचा. माझा डावा पाय लहानपणी मोडला आणि वाकडाच बसला. चालताना तो बाहेर फेकला जातो, त्यामुळं एवढ्याशा कामालाही वेळ लागायचा. तोवर ती उभीच. गिलास हातात आला की मग बसायची आणि तो शेजारी जमिनीवर ठेवून द्यायची. पीत नव्हती. अर्ज टाइप झाला, खाली अंगठा उमटला, की जाताना तेच पाणी कडुलिंबाच्या बुडात ओतायची.

तीन वर्षं, दर सोमवारी, हे असं. रविवारी आराम झालेला असतो म्हणून सोमवारी साहेबलोक अर्ज नीट वाचतात, असा तिचा समज होता. मी तो मोडला नाही. पाण्याबद्दलही कधी विचारलं नाही. तऱ्हेवाईक माणसाला ‘असं का’ म्हणून विचारलं की तो सांगत बसतो, आणि माझ्यापुढं गिऱ्हाइकं ताटकळलेली असायची.

औरंगाबादला कचेरीच्या भिंतीलगत तेव्हा आम्ही अकरा टायपिस्ट बसायचो. आता शहराचं नाव बदललं, टायपिस्ट दोनच उरले, भिंत तीच आहे. ती पहिल्यांदा आली त्या दिवशी मी चहा पिऊन परत येत होतो. रांगेच्या टोकाला काठीवर हनुवटी टेकून एक बाई उभी होती. साठीच्या पुढची, लुगडं नेसलेली, खांद्यावर काळी घोंगडी. आमच्यातले दोघं-तिघं ‘या मावशी, इकडं या’ म्हणत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी खुर्चीवर बसलो तशी थेट माझ्यासमोर आली आणि पाणी मागितलं. मी आणून दिलं तेव्हा म्हणाली, “हां. तुज्यापाशीच लिव्हायचं.”

दहा जणांना सोडून माझ्याकडं आली, याची मला तेव्हा ऐट वाटली होती. माणूस किती गाढव असतो बघा.

तिची गोष्ट तिनं त्याच दिवशी सांगितली. गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला तिचं गाव. नवरा-बायको मेंढरांमागं फिरणारी. त्या भागात विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या, आणि संशयिताचं नाव पोलिसांना कुणीतरी दिलं होतं. शहरातलं एक पथक जीप घेऊन आलं आणि तिच्या नवऱ्याला माळावरून उचलून घेऊन गेलं. नाव तेच, आडनाव तेच. बापाचं नाव मात्र वेगळं. नवरा जीपमधून ओरडून ओरडून बापाचं नाव सांगत होता. पथकाचा फौजदार त्याला म्हणाला, “तुझा बाप कोण ते आम्ही ठरवू.”

पाच दिवस कुठंही नोंद न करता ठेवला. तळपायांवर पट्ट्यानं मारलं. नंतर सात महिने हर्सूलच्या तुरुंगात. मग खरा चोर दुसऱ्याच भानगडीत हाती लागला आणि याला सोडून दिलं. घरी आला, पण पाय गेले ते गेलेच. मेंढरांमागं चालणं होईना, म्हणून मेंढरं विकावी लागली. दोन वर्षं ओट्यावर बसून काढली आणि मेला. होता तोवर ‘जाऊ दे, पोलिसांच्या नादी लागू नगं’ म्हणायचा. तो गेल्यावर हिला अडवणारं कुणी राहिलं नाही.

तिनं पिशवीतून दोन कागद काढले. पहिला, पोलिसांनी कोर्टाला दिलेला अहवाल. मी वाचायला लागलो. “सदर इसमास नावातील साधर्म्यामुळे नजरचुकीने अटक झाली असून...”

“थांब,” ती म्हणाली. “कुनाची?”

“काय कुणाची?”

“नजर. चुकली म्हनतोस ना? कुनाची चुकली, त्याचं नाव वाच.”

“नाव नसतं, मावशी. कागदावर असंच लिहायची पद्धत आहे.”

“आसंल पद्धत. आमच्याकडं लांडग्यानं मेंढरू नेलं तर ‘नजरचुकीनं गेलं’ आसं कुनी म्हनत नाय. राखनीला कोन व्हतं, ते इचारत्यात. दोनशे मेंढरं व्हती आमची. दोनशे तोंडं आमाला येगळी दिसायची. यांना दोन मानसं येगळी दिसंनात व्हय? लिव्ह. नजर कुनाची चुकली त्याचं नाव पायजे.”

दुसरा कागद पंचनामा होता. ‘आरोपीने स्वखुशीने, पंचांसमक्ष, आपल्या घरामागील कडब्याच्या गंजीतून पाण्याची मोटार काढून दिली.’ खाली दोन पंचांच्या सह्या. पहिली ओळखीची नव्हती. दुसरी माझी होती.

आता हे सांगूनच टाकतो. त्या पथकाची खोली आमच्या कचेरीसमोर, रस्त्यापलीकडंच होती. पंच हवा असला की तिथला हवालदार व्हरांड्यातून हात करायचा आणि आम्ही टायपिस्टांपैकी कुणीतरी जाऊन सही ठोकून यायचो. न गेलं तर दुसऱ्या दिवशी ‘रस्त्यात टेबल का मांडलं’ म्हणून टेबल नाल्यात. आमच्यातल्या प्रत्येकानं अशा सह्या केल्यात. मी कधी ती गंजी पाहिली नाही, मोटार पाहिली नाही, गंगापूरचा रस्तासुद्धा धरला नाही. चहा प्यालो आणि सही केली. पत्ता लिहिला तो माझ्या जुन्या भाड्याच्या खोलीचा.

“मानूस नजरचुकीनं धरला म्हनं,” ती म्हणत होती. “मंग त्याच्या गंजीतनं मोटार बी नजरचुकीनंच निगाली का? आन आमी मेंढरामागं आठ महिने रानोमाळ. आमच्या दारात कडब्याची गंजी कुटनं आली? शेतकऱ्याच्या दारची गंजी उचलून त्यांनी आमच्या कागदात आनून ठिवली. ती बघितल्याली दोन मानसं हायती म्हनं. मला त्यांला इचारायचंय, गंजी केवढी व्हती.”

मी मान खाली घालून टाइप करत राहिलो. तिनं अंगठा उमटवला, पाणी झाडाला घातलं आणि गेली.

तेव्हापासून दर सोमवारी मी तिचा अर्ज टाइप केला. मोठ्या साहेबांना, मंत्र्यांना, आयोगाला. दर वेळी तिनं पहिल्यापासून सगळं सांगायचं. मी ‘मावशी, मागचाच मजकूर घेतो’ म्हणालो तर चालायचं नाही. तळपाय, पट्टा, गंजी, दोन पंच, सगळं पुन्हा तिच्या तोंडून ऐकायचं आणि पुन्हा बडवायचं. ‘पंचांनी खोटी सही केली’ हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं असेल ते मलाच ठाऊक. मला त्या फौजदाराचा इतका संताप यायचा की काय सांगू. त्याचं वाटोळं व्हावं, असं मला मनापासून वाटायचं. फक्त ते माझं नाव न येता व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

फौजदार तोवर इन्स्पेक्टर झाला होता. बढत्या अशाच लोकांना मिळतात, तुम्हाला नवं नाही. त्याची बदली जिथं होईल तिथं ही बाई एसटीनं, वडापच्या जीपनं, जमेल तशी पोचायची. ठाण्याच्या फाटकाशी उभी राहायची. साहेबाची गाडी आली की पुढं होऊन एवढंच विचारायची, “वळखलं का, साहेब?”

शिवी नाही, रडणं नाही. विचारायची आणि परतीची गाडी धरायची. पहिल्यांदा त्यानं दुर्लक्ष केलं. नंतर शिपायांकडून हाकलून दिलं. पुढं पुढं तिला पाहिलं की तो गाडी मागच्या फाटकानं आत घ्यायला लागला. हे कळलं तेव्हा ती हसली. तीन वर्षांत मी तिला हसताना दोनदाच पाहिलं, त्यातलं हे पहिलं. “आता वळखतोय म्हना की,” ती म्हणाली. मग मागच्या फाटकाशी उभी राहायला लागली.

एकदा बजाजनगरात एका मंडळाच्या कार्यक्रमाला तो प्रमुख पाहुणा होता. पाट्या वाचायला म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली. मी मांडवाच्या खांबाआड उभा. तो मला पाहील या भीतीनं माझी गाळण उडाली होती. मंचावर पुष्पगुच्छ देणाऱ्यांची रांग लागली होती. ही त्या रांगेत. निवेदकाला वाटलं, मंडळाच्या कुणाची तरी आई असेल. हिची पाळी आली तेव्हा हिनं घोंगडीखालून कडब्याची एक पेंढी काढली आणि साहेबाच्या हातात दिली.

“घ्या साहेब,” ती म्हणाली, आणि माइक उघडाच होता. “आमच्या गंजीतली हाय. तुमालाच तेवडी दिसली व्हती.”

त्यानं ती घेतलीसुद्धा. आपण काय घेतोय हे कळेपर्यंत फोटो निघून गेला होता. दोन दिवसांनी तो एका स्थानिक पेपरात आला, खाली तिची सगळी हकीकत. कडबा घेऊन उभा असलेला इन्स्पेक्टर जिल्हाभर पोरांच्या तोंडी झाला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दहाही टायपिस्टांना चहा पाजला. आणि महिनाभरात त्याच्यावर खात्याची चौकशी लागली.

चौकशी लागली आणि माझी झोप उडाली. एके दिवशी रस्त्यापलीकडचा तो जुना हवालदार माझ्या टेबलाशी आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “घाबरू नको. तुला आम्ही हरवून टाकलाय.” म्हणजे काय, ते मला पुढच्या सोमवारी कळलं.

ती आली. पाणी मागितलं. मी आणलं. तिनं एक लखोटा पुढं केला. चौकशी अधिकाऱ्याचं पत्र होतं. मी वाचलं. “पंच क्रमांक एक हे मयत असून, पंच क्रमांक दोन हे दिलेल्या पत्त्यावर मिळून आले नाहीत. सबब, पंचनामा खोटा असल्याबाबत पुरावा उपलब्ध होत नाही. आपले काही म्हणणे असल्यास लेखी कळवावे.”

तिनं लखोटा परत पिशवीत टाकला. मग म्हणाली, “कागद घाल मशीनीत.”

मी कागद घातला.

“लिव्ह. पंच क्रमांक दोन पोलिसांना घावंना, पन मला घावलाय.”

माझी बोटं अडली. “कुठं?” मी विचारलं.

“माज्या म्होरं बसलाय. लिव्ह.”

शेजारचं मशीन खडखडत होतं. मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं.

“सही करायला आला व्हतास त्या दिशी मी तितंच व्हते, व्हरांड्यात, भुईवर. माज्या मानसाचं वरडनं आत चाललं व्हतं. तू आलास, चा पेलास, सही केलीस, गेलास. तोंड नाय दिसलं तुजं. पाट दिसली. आमी जल्मभर मागनं चालनारी मानसं. मेंढरू बी मागनं वळखतो आन मानूस बी. तुजा डावा पाय भाईर जातो.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून. म्हणजे प्रत्येक सोमवारचं ते पाणी. मी तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला.

“पैल्या दिशी वाटलं, काठी घालावी टकुऱ्यात. मंग म्हनलं, नगं. याच्याच हातानं लिव्हून घिऊ. पुन्ना पुन्ना. कदी तरी सोताच म्हनंल, मावशी, त्यो मी. तीन वर्सं वाट बघितली तुजी.” ती थांबली. “नाय म्हनलास.”

मला रडू आलं, आणि त्याचाही मला राग आला. मी काय म्हणालो ते धड आठवत नाही. टेबलाचं कारण सांगितलं बहुतेक, पोराबाळांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“पानी का पीत नवते, आता कळलं का?” ती म्हणाली. “वैऱ्याच्या हातचं पीत नसत्यात.”

मग तिनं पदराची गाठ सोडली. आत हळदीचा भंडारा होता, देवाचा. तळहात पुढं केला.

“उचल.”

तुम्हाला ठाऊक असेल, आमच्याकडं कोर्टातली शपथ मोडणारी माणसं रगड आहेत. उचललेला भंडारा मोडणारा मी अजून पाहिलेला नाही. मी चिमूटभर उचलला आणि कपाळाला लावला. मग तो कागद पुरा केला. पंच क्रमांक दोन, त्यापुढं माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि राहण्याचा खरा पत्ता.

साक्षीच्या दिवशी चौकशीत इन्स्पेक्टरची बाजू मांडणारा मदतनीस मला म्हणाला, “म्हणजे तुम्ही खोटं बोलणारे इसम आहात. तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

“तेव्हा,” मी म्हणालो. “आज मला कुणी चहा पाजलेला नाही.”

चौकशी अधिकारी खाली बघून लिहीत होते. त्यांनी विचारलं, “कडब्याची गंजी किती मोठी होती?” मी सांगितलं, “साहेब, गंजी नव्हतीच. मी गावच पाहिलेलं नाही.” कोपऱ्यातल्या बाकावर ती काठीवर हनुवटी टेकून बसली होती. तिला तो प्रश्न कुणालातरी विचारलेला ऐकायचा होता.

बाहेर आलो तेव्हा इन्स्पेक्टर बोळात उभा होता. मला म्हणाला, “तुला बघून घेतो.” मी घाबरट माणूस आहे, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. पण त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे. मी थांबलो आणि म्हणालो, “वळखलं का, साहेब?”

पुढच्या आठवड्यात माझं टेबल दोनदा नाल्यात गेलं. मशीनचा एक दांडा वाकला, तो आजही वाकडाच आहे. शेजारचे टायपिस्ट माझ्याशी बोलेनात, कारण उद्या त्यांच्याही सह्या निघाल्या असत्या. खोट्या सहीबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, असं वकिलानं सांगितलं. होऊ दे म्हटलं.

इन्स्पेक्टर बडतर्फ झाला. गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि त्याला हर्सूललाच ठेवलं. चार दिवसांत जामीन झाला. सुटायच्या दिवशी ती पहाटेपासून तुरुंगाच्या फाटकाशी बसून होती. तो बाहेर आला, तिला पाहिलं आणि तोंड फिरवून चालायला लागला. तिनं त्या दिवशी काहीच विचारलं नाही. तो दिसेनासा होईपर्यंत मागून बघत राहिली.

“सात म्हैन्याला चार दिस,” ती मला नंतर म्हणाली. “लई सस्तात सुटला. पन आतलं पानी पेलाय.” त्याला अजून शिक्षा व्हायची होती. खटला तिच्या हयातीत उभा राहणार नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

शेवटचा सोमवार. खात्याचा आदेश घेऊन आली होती. मी वाचला. “सदर निरपराध इसमास झालेल्या बेकायदेशीर अटकेस व मारहाणीस खालील अधिकारी व्यक्तिशः जबाबदार आहेत.” खाली नाव. तिनं मला ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “बोट ठिव त्याच्यावर.” मी ठेवलं. माझं बोट उचलून तिनं स्वतःचं तिथं टेकवलं.

“बापाचं नाव हाय ना त्याच्या? नीट बघ.”

“आहे, मावशी.”

“बरूबर हाय का पर? नायतर दुसऱ्याच कुनाला धरत्याल.”

तेव्हा ती दुसऱ्यांदा हसली. मीही हसलो, आणि मग लक्षात आलं की आज तिनं पाणी मागितलेलं नाही. मी आपणहून उठलो. माठापर्यंत गेलो, आलो. जाताना आणि येताना माझा पाय कसा पडतोय ते ती बघत होती.

गिलास तिनं हातात घेतला. खाली ठेवला नाही. तोंडाला लावला आणि प्यायली. अर्धा झाल्यावर थांबली. उरलेलं नेहमीसारखं कडुलिंबाच्या बुडात ओतलं.

“अर्धंच?” मी विचारलं. मला विचारायला नको होतं.

“माज्या वाटचं पेले,” ती म्हणाली. “राह्यलेलं माज्या मानसाचं. त्याच्या वतीनं मी कशी पिऊ?”

गिलास माझ्या हातात देऊन ती गेली. त्यानंतरच्या सोमवारी आली नाही, आणि मग आलीच नाही. उन्हाळ्यात तिच्या गावचा एक माणूस सातबाऱ्याच्या अर्जाला आला, त्याच्याकडून कळलं.

अजूनही कुणी ‘नजरचुकीने’ असं सांगायला लागलं की मी मशीनवरचे हात काढतो आणि विचारतो, “कुणाच्या?” लोक वैतागतात, शेजारच्या टेबलावर जातात. जाऊ देत. सोमवारी मी एक गिलास भरून आणतो, अर्धा पितो आणि अर्धा झाडाला घालतो.